डीएनए शब्दसंच रचना

डीएनए शब्दसंच रचना : डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाच्या (डीएनएच्या) आखूड, एकपेडी साखळ्यांचा असा संच निवडणे की, त्यातील प्रत्येक साखळी केवळ तिच्या नेमलेल्या पूरक साखळीशीच जोडली जाईल आणि संचातील अन्य साखळ्यांशी, त्यांच्या पूरकांशी किंवा स्वतःशी जोडली जाणार नाही. अशा साखळीस ‘शब्द’ व तिच्यातील क्षारकांना (नायट्रोजनयुक्त घटकांना) ‘अक्षरे’ म्हणण्याचा प्रघात आहे. एकाच परीक्षानळीत शेकडो प्रकारच्या साखळ्या एकत्र नांदत असताना प्रत्येकीने आपला जोडीदार बिनचूक ओळखावा, ही अपेक्षा रेण्वीय निदान, जनुकांचे मापन, डीएनए संगणन, अब्जांश मीटर आकारमानाच्या रचना आणि डीएनएमधील माहितीसाठवण या सर्वांच्या मुळाशी आहे. ती पुरी न झाल्यास चाचणीचा निष्कर्षच खोटा ठरतो.

डीएनएमध्ये ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे चार क्षारक असतात. या लेखात त्यांच्यासाठी अनुक्रमे अ, थ, ग व स ही अक्षरे वापरली आहेत. जे. डी. वॉटसन व एफ. एच. सी. क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या द्विसर्पिल प्रतिकृतीनुसार अ ची जोडी थ शी दोन हायड्रोजन बंधांनी व ग ची जोडी स शी तीन हायड्रोजन बंधांनी जुळते [→ न्यूक्लिइक अम्ले]. प्रत्येक पेडाला दिशा असून त्याची दोन टोके ५′ व ३′ अशी दर्शवितात. दुपेडी रेणूतील दोन पेड एकमेकांच्या उलट दिशांनी धावतात. त्यामुळे एखाद्या शब्दाचा पूरक शब्द लिहिताना अक्षरे बदलून शिवाय क्रमही उलटा करावा लागतो, उदा., ५′ टोकापासून वाचलेल्या सगथथगअ या शब्दाचा पूरक थसअअसग हा होय. पूरक पेड एकत्र येऊन दुपेडी रेणू बनण्याच्या क्रियेस संकरण म्हणतात. विद्रावाचे तापमान वाढवीत नेल्यास पेड पुन्हा सुटे होतात. ज्या तापमानास निम्मे रेणू सुटे झालेले असतात, त्यास विलगन तापमान म्हणतात.

जोडणीचे हे नियम वाचताना इतके निःसंदिग्ध वाटतात की, चुकीला वावच नसावा. प्रत्यक्षात संकरण ही होय किंवा नाही अशी बाब नसून ती कमीअधिक प्रमाणाची बाब आहे. वीस अक्षरांपैकी सतरा जुळली, तरी अनुकूल तापमानास पेड एकमेकांना चिकटून राहतात. ग आणि थ यांची नियमबाह्य जोडीही बऱ्यापैकी टिकते. एखाद्या शब्दाचा आरंभ व शेवट परस्परांना पूरक असतील, तर साखळी स्वतःवरच दुमडते व केसांतील आकड्यासारखी घडी तयार होते. असा दुमडलेला शब्द खऱ्या जोडीदाराला उपलब्धच राहत नाही. लागोपाठ येणाऱ्या अनेक ग अक्षरांमुळे चार पेडांची वेगळीच गुंफण होऊ शकते. शिवाय दोन शब्द तंतोतंत समोरासमोर न येता एकदोन अक्षरे सरकूनही जुळू शकतात आणि एकापुढे एक जोडलेल्या दोन शब्दांच्या सांध्यावर तिसऱ्याच शब्दाचा भास निर्माण होतो.

एका टोकाची चूक किती महाग पडते, याचे उदाहरण २०२० मध्ये घडले. करोना विषाणूच्या निदानासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी तयार केलेल्या पहिल्या चाचणीसंचात तीन स्वतंत्र भाग होते. विषाणू नसलेल्या नमुन्यातही त्यांपैकी काही भाग होकारार्थी निष्कर्ष देत असल्याचे प्रयोगशाळांच्या ध्यानात आले व देशातील तपासणी साथीच्या अगदी आरंभीच्या आठवड्यांत रखडली. या संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार एका भागातील दोष भेसळीचा होता. तिसऱ्या भागातील दोष मात्र रचनेचा होता. त्या भागातील एक प्रारंभक (प्रतिकृती तयार होण्यास जेथून सुरुवात होते ती आखूड साखळी) व शोधक साखळी यांची ३′ टोके परस्परांशी जुळत होती. पॉलिमरेज हे एंझाइम ३′ टोकापासून साखळी वाढवीत असल्याने त्या टोकाशी झालेली काही थोड्या अक्षरांची अनिष्ट जुळणीही दर आवर्तनात वाढत जाऊ शकते. म्हणून प्रारंभकांच्या बाबतीत ३′ टोकाकडील अक्षरे विशेष कसोशीने तपासतात.

प्रश्नाचा उगम : आखूड साखळ्या हव्या त्या क्रमाने कृत्रिम रीत्या घडविण्याचे तंत्र विकसित झाल्यावरच शब्द निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. हरगोविंद खोराना व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधील एका जनुकाचे ७७ अक्षरी दुपेडी संश्लेषण १९७० मध्ये जाहीर केले, तेव्हा त्यांनी एकमेकांवर अंशतः चढणारे तुकडे जोडून ते सिद्ध केले होते. परंतु तेथे क्रम निसर्गानेच ठरविलेला होता. क्रम स्वतः ठरवावा लागण्याचा प्रसंग एन. सी. सीमन यांच्यापुढे आला. चार पेड एका बिंदूत मिळून चौफुला बनावा व तो सरकू नये, यासाठी त्यांनी १९८० नंतरच्या दशकात एक साधा नियम वापरला. प्रत्येक पेडाचे लागोपाठच्या चार अक्षरांचे तुकडे पाडावयाचे आणि कोणताही तुकडा रचनेत दुसऱ्यांदा येऊ द्यावयाचा नाही. या नियमाची मर्यादा सहज मोजता येते. चार अक्षरी तुकडे एकूण २५६; त्यांपैकी १६ स्वतःचेच पूरक असल्याने बाद होतात. उरलेल्या २४० तुकड्यांच्या १२० पूरक जोड्या होतात. सोळा अक्षरी शब्दात असे १३ तुकडे बसतात. त्यामुळे हा नियम पूर्णपणे पाळून नऊपेक्षा अधिक सोळा अक्षरी शब्द मिळूच शकत नाहीत. छोट्या रचनेस हे पुरेसे आहे. मोठ्या संचास नाही.

या प्रश्नास स्वतंत्र अभ्यासविषयाचे रूप मिळाले ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील एल. एम. ॲडलमन यांच्या १९९४ मधील प्रयोगामुळे. सात स्थळे व त्यांना जोडणारे एकदिश मार्ग दिले असता, दिलेल्या स्थळापासून निघून प्रत्येक स्थळी एकदाच जाणारा प्रवास शोधावयाचा, हे गणितातील हॅमिल्टन मार्गाचे उदाहरण त्यांनी डीएनएच्या साहाय्याने सोडविले. प्रत्येक स्थळास वीस अक्षरी शब्द दिला होता. मार्गासाठीच्या साखळीत निघण्याच्या स्थळाची शेवटची दहा व पोहोचण्याच्या स्थळाची पहिली दहा अक्षरे होती. स्थळांचे पूरक शब्द सांधणीच्या पट्टीसारखे वापरून मार्गांचे तुकडे एंझाइमाने सांधले व नंतर योग्य टोकांच्या, १४० अक्षरी आणि सातही स्थळे असलेल्या साखळ्या टप्प्याटप्प्याने वेगळ्या केल्या. प्रयोगशाळेतील या कामास सुमारे सात दिवस लागले. वीस अक्षरी शब्द ४ च्या विसाव्या घाताइतके, म्हणजे सुमारे १·१ × १०^१२ असल्याने ॲडलमन यांनी ते यदृच्छया (कोणत्याही ठराविक नियमाशिवाय) निवडले आणि सात शब्दांपुरते ते चालून गेले.

शब्दसंख्या वाढली की, यदृच्छया निवड पुरी पडत नाही, कारण शब्द जितके वाढतात त्याच्या वर्गाच्या प्रमाणात त्यांच्या जोड्या वाढतात. दोन वीस अक्षरी शब्दांत सहा अक्षरी सलग तुकडा निवडण्याच्या प्रत्येकी १५ जागा असतात. म्हणजे तुलना करावयाच्या तुकड्यांच्या जोड्या २२५ होतात व प्रत्येक जोडी पूरक निघण्याची संभाव्यता ४,०९६ मध्ये एक असते. यावरून एका शब्दजोडीत सहा अक्षरी अनिष्ट जुळणीची सरासरी अपेक्षा सुमारे ०·०५५ येते. सात शब्दांच्या २१ जोड्यांत ती जेमतेम एक आहे; शंभर शब्दांच्या ४,९५० जोड्यांत ती सुमारे २७२ होते. सहा अक्षरांची प्रत्येक जुळणी घातक नसते हे खरे. तथापि तेवढ्या संख्येत काही घातक निघणारच.

अंतराची कल्पना : आर. डब्ल्यू. हॅमिंग यांनी १९५० मध्ये संदेशवहनातील चुका ओळखून दुरुस्त करणारे संकेत मांडले. सारख्या लांबीचे दोन शब्द जितक्या जागी भिन्न असतात, ती संख्या म्हणजे त्यांचे हॅमिंग अंतर. संकेतातील सर्व शब्द परस्परांपासून दूर ठेवले, तर एकदोन अक्षरे बिघडली तरी मूळ शब्द ओळखता येतो [→ संदेशवहन सिद्धांत]. हीच कल्पना डीएनएला लागू केल्यास एक शब्द व दुसऱ्याचा पूरक यांत पुरेसे विजोड पडतात. मात्र तारेवरून जाणाऱ्या संदेशात नसलेली एक अट येथे वाढते : प्रत्येक शब्द इतर शब्दांच्या उलट्या पूरकांपासूनही दूर असला पाहिजे, नाहीतर दोन शब्दच एकमेकांना चिकटतील. जोडीला सर्व शब्दांचे विलगन तापमान जवळजवळ सारखे हवे, कारण परीक्षानळीचे तापमान एकच असते. यासाठी प्रबल अक्षरांचे (ग व स) प्रमाण सर्व शब्दांत समान, बहुधा निम्मे, ठेवतात.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील एका गटाने या अटी पाळून १९९७ मध्ये आठ अक्षरी १०८ शब्दांचा संच प्रसिद्ध केला. आठ अक्षरी शब्द एकूण ६५,५३६ आहेत. नेमकी चार प्रबल अक्षरे असलेले शब्द १७,९२० आहेत. त्यांतून चार विजोडांची अट पाळणारे शंभराच्या घरात राहतात, यावरून अटींची किंमत लक्षात येते. अशा संचांच्या कमाल व किमान मर्यादांचा गणिती अभ्यास अमित मराठे, ॲन कॉन्डन व आर. एम. कॉर्न यांनी २००१ मध्ये केला.

या विषयातील सर्वांत देखणा संच सिडनी ब्रेनर (१९२७–२०१९) व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये वापरला. एका पेशीसमूहातील लाखो निरनिराळ्या डीएनए रेणूंना वेगवेगळी ओळखचिन्हे लावून प्रत्येक प्रकार स्वतंत्र सूक्ष्म मण्यावर गोळा करावयाचा, असे त्यांच्या पद्धतीचे स्वरूप होते. त्यासाठी निवडलेले आठ शब्द पुढीलप्रमाणे आहेत : थथअस, अअथस, थअसथ, अथसअ, असअथ, थसथअ, सथथथ व सअअअ. यांतील कोणतेही दोन घेतले, तर चारपैकी नेमक्या तीन जागी ते भिन्न असतात. प्रत्येकात स एकदाच येतो व ग कोठेच येत नाही. स, थ, अ यांच्या जागी अनुक्रमे ०, १, २ लिहून पाहिल्यास हे आठ शब्द म्हणजे गणितात पूर्वीपासून परिचित असलेल्या, नऊ शब्दांच्या त्रिमान हॅमिंग संकेताचे शून्येतर घटक आहेत असे दिसते. वगळलेला नववा शब्द ससस‌स हा होय. तो घेतला असता तर विलगन तापमानाची समानता बिघडली असती. तीन अक्षरांतून बनणारे चार अक्षरी शब्द ८१ आहेत. प्रत्येक शब्द व त्याच्यापासून एका अक्षराने भिन्न असलेले आठ शब्द मिळून नऊंचा गट होतो. म्हणून तीन अंतराचे शब्द नऊपेक्षा अधिक निघणे शक्यच नाही. अर्थात ही निवड आपल्या मर्यादेला जवळजवळ टेकलेली आहे.

असे आठ शब्द एकापुढे एक मांडले की, ३२ अक्षरांचे एक चिन्ह बनते आणि चिन्हांची संख्या ८ चा आठवा घात, म्हणजे १,६७,७७,२१६ होते. दोन चिन्हे केवळ एका शब्दाने भिन्न असली, तरी त्यांत तीन विजोड पडतात. शिवाय प्रत्येक चिन्हात नेमके आठ स असतात. मण्यांवर चिन्हे चढविण्यासाठी मणी आठ वाट्यांत विभागून प्रत्येक वाट्यास एक शब्द जोडावयाचा, सर्व मणी पुन्हा मिसळावयाचे व हीच कृती आठ वेळा करावयाची, एवढेच पुरते. ग वगळण्याचा आणखी एक व्यावहारिक लाभ होता. विशिष्ट पॉलिमरेज एंझाइम ३′ टोकापासून पेड कुरतडत जाते. पण विद्रावात फक्त ग चा पुरवठा असल्यास पहिल्या ग पाशी ते अडते. त्यामुळे ग नसलेला चिन्हभागाचा पेड तेवढा झडून जाऊन दुसरा पेड संकरणासाठी मोकळा होतो.

या संचातही सरकण्याचा दोष आहे. थअसथ व थथअस हे शब्द शेजारी आले की, थअसथथथअस या साखळीच्या मधोमध सथथथ हा तिसरा शब्द वाचता येतो. चिन्ह ३२ अक्षरी असल्याने चार अक्षरांची अशी भ्रामक जुळणी धुण्याच्या तापमानास टिकत नाही व व्यवहारात तिचा उपद्रव होत नाही. सरकून वाचले तरी शब्द दिसणार नाही असे ‘स्वल्पविरामरहित’ संकेत डीएनएच्याच संदर्भात प्रथम पुढे आले, हा एक योगायोग आहे. तीन अक्षरी आनुवंशिक संकेत कोठून वाचावयाचा हे पेशीस कसे कळते, याचे उत्तर म्हणून क्रिक, जे. एस. ग्रिफिथ व एल. ई. ऑर्गेल यांनी १९५७ मध्ये असा संकेत सुचविला. एकाच अक्षराचे चार शब्द वगळून उरलेल्या ६० शब्दांच्या तीनतीनांच्या गटांतून एकेक घेतल्यास कमाल शब्दसंख्या २० येते आणि प्रथिनांतील ॲमिनो अम्लेही २० आहेत. कल्पना इतकी सुबक होती की, ती खरी असावी असे अनेकांना वाटले. १९६१ मध्ये एम. डब्ल्यू. निरेनबर्ग व जे. एच. मॅथी यांनी वगळलेल्यांपैकीच एका शब्दाचा अर्थ प्रयोगाने शोधून काढला व ती बाद ठरली. निसर्गाने जे वापरले नाही, ते कृत्रिम शब्दसंचांच्या रचनेत मात्र उपयोगी पडले.

साच्याची पद्धत : मासानोरी अरिता व सातोशी कोबायाशी यांनी २००२ मध्ये सुचविलेली पद्धत तिच्या साधेपणामुळे उल्लेखनीय आहे. प्रबल अक्षराची जागा १ ने व दुर्बल अक्षराची (अ किंवा थ) जागा ० ने दाखविणारा एक साचा प्रथम निवडतात, उदा., ११०१००. पूरक घेताना प्रबल अक्षर प्रबलच व दुर्बल दुर्बलच राहते, फक्त क्रम उलटतो. त्यामुळे या साच्यातील कोणत्याही शब्दाच्या पूरकाचा साचा ००१०११ हा असतो व तो मूळ साच्याशी सहाही जागी भिन्न आहे. म्हणजेच संचातील दोन शब्द समोरासमोर आल्यास त्यांत एकही जोडी जुळत नाही. हे दोन साचे कोणत्याही क्रमाने शेजारी ठेवून सरकवून पाहिले, तरी प्रत्येक स्थितीत किमान दोन विजोड पडतात. आता शब्दांना परस्परांपासून वेगळे करण्यासाठी दुसरा, ०–१ अक्षरांचा सामान्य संकेत घ्यावयाचा. प्रबल जागी ० असल्यास ग व १ असल्यास स, दुर्बल जागी ० असल्यास अ व १ असल्यास थ लिहावयाचे. मग ०००००० पासून गगअगअअ आणि ११०००० पासून ससअगअअ हे शब्द मिळतात. १ ची संख्या सम असलेले सहा अंकी संकेतशब्द ३२ आहेत. म्हणून या साच्यातून निदान दोन जागी भिन्न असे ३२ शब्द कोणताही शोध न करता हाती येतात व प्रत्येकातील निम्मी अक्षरे आपोआपच प्रबल असतात. लांब साचे घेतल्यास अंतरही वाढविता येते.

ऊर्जेचा हिशेब : अंतर मोजणे सोपे असले, तरी रेणू अक्षरे मोजत नाहीत, ते मुक्त ऊर्जेनुसार वागतात. जुन्या ढोबळ नियमानुसार आखूड साखळीचे विलगन तापमान प्रत्येक दुर्बल अक्षरास २° से. व प्रत्येक प्रबल अक्षरास ४° से. धरून काढीत. परंतु पेडांची स्थिरता मुख्यतः एकावर एक रचलेल्या शेजारच्या जोड्यांच्या परस्परक्रियेवर अवलंबून असते. शेजारच्या जोड्यांचे एकूण दहा भिन्न प्रकार होतात. जॉन सांतालुचिया यांनी १९९८ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या मापनांची सांगड घालून ३७° से. तापमान व प्रती लिटर १ मोल सोडियम क्लोराइड असताना या दहा प्रकारांची मूल्ये दिली. सर्वांत दुर्बल थअ हा प्रकार –०·५८ व सर्वांत प्रबल गस हा प्रकार –२·२४ किलोकॅलरी प्रती मोल आहे.

सगथथगअ या शब्दासाठी सग –२·१७, गथ –१·४४, थथ –१·००, थग –१·४५ व गअ –१·३० यांची बेरीज –७·३६ होते. पेडांच्या आरंभीच्या जुळणीसाठी दोन टोकांमागे एकूण २·०१ मिळविल्यावर –५·३५ किलोकॅलरी प्रती मोल राहतात. याच सहा अक्षरांचा क्रम बदलून सथगगथअ हा शब्द केला, तर स्तररचनेची बेरीज –६·५९ व अखेरचे मूल्य –४·५८ येते. ढोबळ नियमाने दोहोंचे तापमान सारखेच, १८° से. निघते, प्रत्यक्षात पहिल्याचा समतोल स्थिरांक दुसऱ्याच्या सुमारे साडेतीन पट आहे. लांब शब्दांत असे फरक साचत जातात. म्हणून केवळ अंतरावर आधारलेला संच चांगला आरंभ मानावा, अखेरचा निर्णय नव्हे. विजोडांचेही हेच आहे : साखळीच्या टोकाशी पडलेला विजोड फारसे बिघडवीत नाही, मध्यभागी पडलेला रेणूची स्थिरता बरीच घटवितो.

आर. एम. डर्क्स, एन. ए. पिअर्स व इतर यांनी २००४ मध्ये या विचाराची दोन अंगे स्पष्ट केली. इष्ट जुळणी स्थिर करणे हे एक आणि अन्य सर्व जुळण्या त्या मानाने अस्थिर ठेवणे हे दुसरे. केवळ पहिल्याकडे लक्ष दिल्यास प्रबल अक्षरांची गर्दी होते व असे शब्द सर्वांनाच चिकटतात. संगणकाने साखळीच्या सर्व संभाव्य घड्यांची सांख्यिकीय बेरीज करून सरासरीने किती अक्षरे अपेक्षेपेक्षा वेगळ्या स्थितीत असतील, हे काढता येते व तोच आकडा निवडीची कसोटी मानतात.

शोधाच्या रीती : सर्व संभाव्य शब्द बिंदू मानून परस्परविरोधी शब्द रेषांनी जोडले, तर ज्यात कोणतेही दोन बिंदू जोडलेले नाहीत असा मोठ्यात मोठा गट शोधणे असे या प्रश्नाचे रूप होते. हा गणितातील कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांपैकी एक आहे. ज्या प्रकारचे प्रश्न डीएनए संगणकाने सोडवावेत अशी अपेक्षा होती, त्याच प्रकारचा प्रश्न तो संगणक उभारण्यापूर्वी सोडवावा लागतो, ही यातील गंमत आहे. व्यवहारात सर्वांत मोठा गट मिळविण्याचा हट्ट कोणी धरत नाही. आर. डीटन व त्यांचे सहकारी यांनी १९९६ पासून उत्क्रांतीच्या धर्तीवर शब्दांची निवड व फेरबदल करून संच सुधारण्याचे प्रयोग केले. डी. सी. तुलपन, एच. एच. होस व कॉन्डन यांच्या २००२ मधील रीतीत आरंभी दोषयुक्त संच घेऊन भांडणाऱ्या जोडीपैकी एक शब्द बदलतात. नेहमी सर्वांत लाभदायक बदल केल्यास शोध अडकून पडतो, म्हणून मधूनमधून यदृच्छया बदलही स्वीकारतात.

उपयोग : ॲडलमन व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये २० चलांचा तर्कशास्त्रीय प्रश्न डीएनएने सोडविला, तेव्हा १०,४८,५७६ पर्यायांतून एकमेव उत्तर निवडावयाचे होते. यावेळी शब्दांची निवड नशिबावर सोडलेली नव्हती. प्रत्येक चलाच्या दोन मूल्यांसाठी एक याप्रमाणे पंधरा अक्षरी ४० शब्द केवळ अ, थ व स यांतून तयार केले; एकच अक्षर सलग पाच वा अधिक वेळा येऊ दिले नाही आणि भलत्या जागी जुळणी झाल्यास किमान चार विजोड पडतील अशी काळजी घेतली. तीनशे अक्षरी साखळी स्वतःवर दुमडू नये, हा ग वगळण्यामागील मुख्य हेतू होता. तीन अक्षरांची भाषा वापरल्याने प्रत्येक अक्षरामागे साठणारी माहिती २ द्विमान अंकांवरून सुमारे १·५८ पर्यंत घटते. हा तोटा बहुतेक रचनाकार आनंदाने पत्करतात.

पेड-विस्थापनावर आधारलेल्या मंडलांत प्रश्नास काळाचे परिमाण मिळते. येथे नवा पेड आखूड मोकळ्या ‘पकडखंडा’वर प्रथम टेकतो व मग जुन्या पेडाला हटवितो. पकडखंडाची लांबी बदलून या विक्रियेचा वेग सुमारे दहा लाख पट बदलता येतो. लुलू चियान व ई. विनफ्री यांनी २०११ मध्ये १३० पेडांचे मंडल करून चार द्विमान अंकी संख्यांच्या वर्गमुळाचा पूर्णांक भाग काढून दाखविला. अशा मंडलात पकडखंड नसतानाही दुपेडी रेणूची टोके क्षणभर उकलतात व पेड हळूहळू चुकीने हटविले जातात. या गळतीवर शब्दांतील अंतर वाढवून इलाज होत नाही; टोकांना प्रबल जोड्या किंवा एकदोन जादा अक्षरांची पाचर द्यावी लागते.

डीएनएमध्ये माहिती साठविताना प्रत्येक संचिकेस (फाइलीस) वीस अक्षरी प्रारंभकांची जोडी पत्त्याप्रमाणे दिली जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० कोटी बाइटांहून अधिक माहितीच्या ३५ संचिकांपैकी हवी ती वेगळी काढता आली. येथे पत्ते परस्परांपासून भिन्न असून भागत नाही; साठविलेल्या मजकुरातही कोठे पत्त्यासारखा क्रम उमटता कामा नये. मजकूर आधी ठरत नसल्यामुळे तो यदृच्छया भासेल असा बदलून लिहितात व तरीही आढळलेली साम्ये पाहून काही पत्ते बाद करतात. क्रमवाचनासाठी नमुन्यांना लावलेल्या ओळखचिन्हांत वेगळीच अडचण असते. कृत्रिम संश्लेषणात अक्षर बदलण्यापेक्षा गळण्याचे प्रमाण बरेच असते व एक अक्षर गळले की, पुढची सर्व अक्षरे सरकून हॅमिंग अंतर निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी गाळणे व घुसविणे हेही मोजणारे, व्ही. आय. लेव्हनश्टाइन यांचे अंतर वापरतात.

शब्दरचनेची गरजच न पडणारा एक मार्गही आहे. पी. डब्ल्यू. के. रॉथमुंड यांनी २००६ मध्ये एका जिवाणुभक्षकाची सुमारे सात हजार अक्षरी एकपेडी साखळी दोनशेहून अधिक आखूड पेडांनी दुमडून हव्या त्या आकृती घडविल्या. लांब साखळीचा क्रम निसर्गदत्त असल्याने आखूड पेडांचे क्रम निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांत अनिष्ट जुळण्या नव्हत्या असे नाही. पण योग्य जागी बसलेला पेड शेजाऱ्यांच्या साहाय्याने घट्ट होत जातो आणि चुकीच्या जागी बसलेला तापमान सावकाश उतरत असताना हटविला जातो.